काठी, साखळी आणि आपला हिस्सा

मागच्या महिन्यात वारसनोंदीबद्दल बोललो, तेव्हापासून गटागटांतून आमच्याकडे एकच प्रश्न येतोय. कुणाच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या वेळचा कागद निघाला, त्यात जमीन बिघ्यात आहे. कुणाच्या जुन्या उताऱ्यावर एकर-गुंठे आहेत. आणि आजच्या सातबाऱ्यावर हेक्टर, आर, चौरस मीटर. ताई विचारतात, "एक बिघा म्हणजे किती एकर, तेवढं सांगा."

तेवढंच सांगता आलं असतं तर हे भाषण दोन मिनिटांत संपलं असतं. पण बिघा म्हणजे किती, याला एक उत्तर नाही. कुणाच्या काठीचा बिघा, असं विचारावं लागतं. आणि हे विचारलं नाही तर दहा-दहा गुंठ्यांचा फरक पडतो. म्हणून आज जुन्या मापांचा थोडा इतिहास, आणि सोबत थोडं गणित. गणित म्हटल्यावर रेडिओ बंद करू नका. महिन्याच्या बैठकीत व्याजाचा हिशोब तोंडी करणाऱ्या बाया आपण, आपल्याला हे जड नाही.

सुरुवात अंगापासून करू, कारण मापं तिथूनच निघाली. बोट, मूठ, वीत, हात. भाकरीच्या पिठाला मूठ, वातीला वीत, दोरीला हात. विहिरीची खोली परसांत, म्हणजे पुरुषभर उंचीत. लुगडं वारांत. नऊवारी म्हणजे नऊ वार, वार तीन फुटांचा, म्हणजे सत्तावीस फूट. हे सत्तावीस फूट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहेत. जमिनीला तर पुष्कळ ठिकाणी लांबी-रुंदी लावतच नसत. हे रान पायलीच्या पेऱ्याचं, ते दोन पायलीचं, असं बियाण्यावरून सांगत. त्यात शहाणपण होतं. नुसत्या क्षेत्रापेक्षा जमीन किती बी घेते, हे पेरणाऱ्याला जास्त कामाचं. पण सारा बसवणाऱ्या सरकारला असं माप चालत नाही. सरकारला सगळ्या गावांना लागू पडेल असं माप हवं असतं. मग काठी आली.

आपल्याकडच्या काठीचं स्वच्छ वर्णन सभासद बखरीत आहे. कृष्णाजी अनंत सभासदांनी ही बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली. शिवाजी महाराजांच्या राज्यात जमिनीची मोजणी झाली. त्या कामात अष्टप्रधानांपैकी अण्णाजी दत्तो यांचं नाव मुख्य आहे. बखरीत दिलेली काठी अशी: लांबी पाच हात आणि पाच मुठी. हात चौदा तसूंचा. सगळी काठी ऐंशी तसूंची. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद चौकोन म्हणजे एक बिघा. एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. बिघ्याच्या विसाव्या भागाला पांड म्हणत. जुन्या कागदात "दोन बिघे पाच पांड" असं दिसलं तर ते सव्वादोन बिघे समजायचे.

आता हिशोब जुळतो का बघा. पाच हात गुणिले चौदा, सत्तर तसू. उरले दहा तसू, ते पाच मुठींचे. म्हणजे एक मूठ दोन तसूंची. जुळलं. ज्यानं हे लिहून ठेवलं त्याला हात आणि मूठ माणसागणिक बदलते हे पक्कं ठाऊक असणार, नाहीतर हात-मूठ सांगून झाल्यावर पुन्हा तसू कशाला मोजेल?

पण तसू म्हणजे किती इंच? इथंच खरी गाठ आहे. तसू हा शब्द सुतार-गवंड्यांच्या तोंडी आपल्यातल्या काहींनी ऐकला असेल. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या बाजारात जे कोष्टक चालायचं, त्यात सोळा तसूंचा हात, तो अठरा इंचांचा. चोवीस तसूंचा गज, तो सत्तावीस इंचांचा. म्हणजे तसू सव्वा इंचाला थोडा कमी, नेमका सांगायचा तर एक इंच आणि वर एक अष्टमांश. हाच तसू महाराजांच्या काठीला लावून पाहू. ऐंशी तसू म्हणजे नव्वद इंच, साडेसात फूट. वीस काठ्या म्हणजे दीडशे फूट. दीडशे गुणिले दीडशे, २२,५०० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा हा बिघा साधारण २० गुंठे ११ आण्यांचा झाला. अर्ध्या एकराहून थोडा जास्त.

उत्तर मिळालं असं वाटतं, पण जरा थांबा. या हिशोबानं चौदा तसूंचा हात पावणेसोळा इंचांचा होतो. आत्ता शिवणाचा टेप घ्या आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात मोजा. आपल्यातल्या बहुतेकींचा सोळा-सतरा इंचांच्या आसपास भरेल. घरातल्या उंच पुरुषाचा अठरा-एकोणीस. मग मोजणीच्या काठीचा हात बाईच्या हाताहूनही आखूड असेल का? नाही पटत. मुंबईच्या बाजारातला तसू आणि महाराजांच्या काठीचा तसू, नाव एक असलं तरी माप वेगळं.

मग उलटीकडून जाऊ. इंग्रजी अमदानीतल्या देशावरच्या कागदांत बिघा साधारण पाऊण एकराचा, म्हणजे तीस गुंठ्यांच्या आसपास धरलेला दिसतो. काठी नऊ फुटांची धरली तर वीस काठ्या १८० फूट. चौरस केला तर ३२,४०० चौरस फूट. म्हणजे २९ गुंठे १२ आणे. आणि नऊ फुटांच्या काठीत हात किती इंचांचा येतो? जवळजवळ एकोणीस. मूठ पावणेतीन इंचांच्या आतबाहेर. हे अंगाला लागू पडतं. आमच्या मते महाराजांच्या काठीचा बिघा पाऊण एकराच्या जवळ धरणंच योग्य.

आता गंमत म्हणून एक हिशोब, पण त्यातच सगळं पोट आहे. समजा काठी बायकांच्या हातानं केली असती. हात साडेसोळा इंच, मूठ अडीच इंच. पाच हात पाच मुठी म्हणजे ९५ इंच, आठ फुटांना एक इंच कमी. या काठीचा बिघा भरतो २३ गुंठ्यांचा. उंच माणसाच्या काठीचा जवळजवळ तीस, आपल्या काठीचा तेवीस. काठीत फरक जेमतेम तेरा इंचांचा, पण बिघ्यात पावणेसात गुंठ्यांचा! कारण काठी लांबीतही कमी पडते आणि रुंदीतही. लांबीतली चूक क्षेत्रात जवळजवळ दुप्पट होऊन येते. काठी दहावा हिस्सा आखूड झाली, तर बिघा पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटतो.

यात नुकसान कुणाचं? सारा बिघ्यामागे असेल तर काठी आखूड करणाऱ्याचा फायदा. नऊ फुटी काठीनं ज्याचं रान दहा बिघे भरलं, त्याचंच रान आखूड काठीनं तेरा बिघ्यांच्या जवळ जाईल. जमीन वाढली नाही, पीक वाढलं नाही, पण सारा तीन बिघ्यांचा वाढला. उलट इनाम द्यायचं असलं तर आखूड काठी देणाऱ्याच्या सोयीची. म्हणून काठी कुणाच्या हातात आहे याला एवढं महत्त्व होतं. महाराजांच्या राज्यात पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, अशी वाटणी बखरीत सांगितली आहे. अशा वाटणीआधी काठीची लांबी तसूपर्यंत ठरवून टाकणं म्हणजे गावच्या कारभाऱ्याच्या हातातली मनमानी काढून घेणं. आम्हाला या सगळ्या कोष्टकात हीच गोष्ट मोठी वाटते.

बिघा आपल्यापुरताच नाही. बंगालमध्ये तो एकराचा तिसरा हिस्सा, १४,४०० चौरस फूट. उत्तर प्रदेशातला पक्का बिघा पाच अष्टमांश एकर, म्हणजे २५ गुंठे. तिकडे कच्चा बिघा आणखी निराळा. तेव्हा मोबाइलवर बिघ्याचे एकर करून देणारं काही सापडलं, तर ते कुठल्या मुलखाचा बिघा धरतंय हे आधी बघा.

आता पेशवाईनंतरचं. १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसला. त्यांनाही साऱ्यासाठी मोजणी हवीच होती. पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं १८२७-२८ च्या सुमाराला पाहणी सुरू केली. या पाहणीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यानं जमीन मोजली, प्रत घातली, पिकाचा खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती याचा कागदावर बारीक हिशोब मांडला आणि त्यावर सारा बसवला. कागद देखणा होता. पण हाताखालच्या लोकांनी दिलेली माहिती खोटी-खरी, आणि दर भारी. इंदापूर तालुक्यात लोकांनी जमिनी टाकून दिल्या, शेतं पडीक पडली. मोजमाप आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इंदापूरच्या कुणब्यांना तेव्हाच कळलं असणार.

मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातच नवी पाहणी केली. दर उतरवले, ते तीस वर्षांसाठी कायम केले. शेताला नंबर दिला, हद्दीला दगड आणि बांध ठरवले. १८४७ साली या पद्धतीचे नियम पक्के झाले आणि मुंबई इलाख्यात ती पसरली. आपण आज "सर्व्हे नंबर" म्हणतो तो त्यातूनच आला. आणि एकर-गुंठेही याच मोजणीनं घराघरात पोचवले. बिघा, पांड आणि चावर हळूहळू कागदातून गेले.

या मोजणीचं हत्यार होतं साखळी. इंग्लंडमध्ये एडमंड गुंटर नावाच्या गणित्यानं १६२० च्या सुमारास ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी काढली. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब जागा म्हणजे बरोबर एक एकर. क्रिकेटच्या दोन्ही बाजूंच्या स्टंपांमधलं अंतर बावीस वार असतं, ते याच साखळीएवढं. घरातल्या पोरांना सांगून बघा, त्यांना ठाऊक नसेल.

आपल्याकडे मात्र तिची अर्धी, ३३ फुटांची साखळी वापरली, आणि तिचे शंभर नाही, सोळा भाग केले. त्या भागाला नाव दिलं आणा. सोळा आण्यांचा रुपया, तशी सोळा आण्यांची साखळी. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. हे ज्यानं ठरवलं त्याचं कौतुक वाटतं. शंभर भाग करून दशांश शिकवत बसण्यापेक्षा, ज्या हिशोबात बाजारहाट चालतो तोच हिशोब जमिनीला लावला. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट.

आठवतात ना मघाचे सत्तावीस फूट? नऊवारी पसरली आणि पुढे दोन वार जोडले की ३३ फूट. किंवा एक पाचवारी आणि एक सहावारी टोकाला टोक लावून अंथरा, अकरा वार, झाली साखळी. मोजणीला लुगडं वापरू नका, कापड ताणतं, आणि कपाटातल्या साड्या काही मापाच्या नसतात. पण अंदाज डोळ्यात बसायला एवढं पुरे. दोन साड्यांच्या लांबीएवढा चौकोन म्हणजे गुंठा, हे एकदा बसलं की घरकुलाच्या जागेबद्दल कुणी काहीही आकडा सांगितला तरी आपल्याला पटकन कळतं.

जुन्या मोजणीचं शेताचं हातानं काढलेलं चित्र असतं, त्याला टिपण म्हणतात. भूमी अभिलेख कार्यालयात त्याची नक्कल मागता येते. जुन्या टिपणावर लांब्या साखळी आणि आण्यांत असतात. ते वाचायचं कसं, एक उदाहरण घेऊ. शेत ६ साखळ्या ८ आणे लांब, ४ साखळ्या ४ आणे रुंद, आणि चारी कोपरे काटकोनात. आठ आणे म्हणजे अर्धा, चार आणे म्हणजे पाव. साडेसहा गुणिले सव्वाचार. साडेसहा चोक सव्वीस, आणि साडेसहाचा पाव म्हणजे एक आणि वर दहा आणे. एकूण २७ गुंठे १० आणे. फूट नाही, मीटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. पावकी-निमकी पाठ असलेल्या आपल्या आज्यांना हा हिशोब आपल्याहून लवकर आला असता. पण मोजणीदाराच्या वहीत आज्यांना जागा नव्हती. खुरपणी त्यांची, वेचणी त्यांची, आणि खातेदार म्हणून नाव घरातल्या पुरुषाचं.

इथं एक सावधगिरी. लांबी आणि रुंदीचा गुणाकार काटकोनी शेतालाच लागतो. आपली शेतं कुठं तशी असतात? ओढ्याच्या कडेनं वाकडी, बांधाला तिरकी. चार सारख्या काठ्या टोकाला बांधून चौकट करा. सरळ धरली की चौकोन. आता एक कोपरा दाबत न्या. काठ्यांची लांबी तीच, बाजू त्याच, पण आतली जागा कमी कमी होत जाते. साखळीभर बाजूंची चौकट सरळ असताना एक गुंठा, पुरेशी तिरकी केली तर अर्धाच गुंठा. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायची जुनी रीत अजून गावात चालते. ती उत्तर कधी कमी देत नाही, वाकड्या शेताला नेहमी जास्तच देते. जमीन विकत घेताना ही रीत आपल्याला महागात पडते. म्हणूनच मोजणीदार शेताचे त्रिकोण पाडून मोजायचे. आता यंत्रानं मोजतात, तरी आतलं तत्त्व तेच.

राहिलं आजचं माप. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला, आणि पुढे सातबाऱ्यावर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्याचे शंभर आर. एक आर म्हणजे १०७६ चौरस फूट, आणि गुंठा १०८९ चौरस फूट. दोन्ही जवळजवळ सारखे, फरक तेरा चौरस फुटांचा. म्हणून लोक आरालाच गुंठा म्हणतात. एक-दोन गुंठ्यांत चालून जातं. पण चाळीस आर म्हणजे एकर असं धरलंत तर पाचशे चौरस फुटांचा घाटा आहे. तेवढ्यात दोन खोल्यांचं घर बसतं. खरा एकर साडेचाळीस आरांना किंचित कमी. आणि हेक्टर म्हणजे अडीच एकर, असंही सर्रास बोलतात. नेमका हिशोब २ एकर आणि पावणेएकोणीस गुंठ्यांहून थोडा जास्त. अडीच एकराला सव्वा गुंठ्याच्या आसपास कमी.

याहून मोठा घोळ टिंबाचा आहे. सातबाऱ्यावर १.२० असा आकडा असला की कितीतरी जण तो "एक एकर वीस गुंठे" असा वाचतात. तो आहे एक हेक्टर वीस आर. एक एकर वीस गुंठे म्हणजे साठ गुंठे. एक हेक्टर वीस आर म्हणजे ११८ गुंठ्यांहून जास्त, जवळजवळ तीन एकर. अर्धी जमीन नुसत्या वाचण्यात गेली! दुसरा घोळ कॅल्क्युलेटरचा. दोन एकर तीस गुंठे आणि एक एकर वीस गुंठे यांची बेरीज मशीनवर २.३० अधिक १.२० अशी केली तर ३.५० येतात. खरी बेरीज ४ एकर १० गुंठे, कारण गुंठे चाळीसला फुटतात, शंभराला नाही. हेक्टर-आराची बेरीज मशीनवर करा, एकर-गुंठ्यांची बोटांवर.

आता हे सगळं आज का सांगतोय ते. आमच्या एका गटातल्या ताईंना माहेराहून बोलावणं आलं. भावांनी हक्कसोडपत्राचा कागद तयार ठेवला होता. "आक्का, सगळं मिळून दीड एकर रान, चौघांत वाटलं तर तुझ्या वाट्याला पंधरा गुंठे. त्यासाठी कशाला कोर्टकचेरी?" ताईंनी सातबारा मागून घेतला आणि गटाच्या बैठकीत आणला. आकडा तोच, १.२०. आई, दोन भाऊ आणि ताई, असे चौघे. प्रत्येकाला तीस आर, म्हणजे साडेएकोणतीस गुंठ्यांहून थोडे जास्त. पंधराच्या जवळजवळ दुप्पट. भाऊ फसवत होते असं आम्ही म्हणत नाही. वडिलांपासून घरात ते रान "दीड एकर"च म्हटलं जायचं, आणि कदाचित त्यांनीही टिंब तसंच वाचलं असेल. ताई माहेरी गेल्या, त्यांनी भावांसमोर दोरीनं अंगणात एक गुंठा आखून दाखवला आणि मग आकडा समजावला. सही त्यांनी केलेली नाही. बोलणं चालू आहे. भाऊबीजेला गेल्या होत्या.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळं भाषण झालेलं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस मानलं, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानं हिस्सा मुलग्यालाच होता. महाराष्ट्रानं १९९४ साली तो मुलीलाही दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली केंद्रानं देशभरासाठी दुरुस्ती केली आणि लग्नाची अट गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. इतर धर्मांच्या मैत्रिणींना त्यांचे त्यांचे वारसा कायदे लागू आहेत. हक्क सोडायचा की घ्यायचा हा ज्या त्या बहिणीचा विचार. पण किती सोडतोय, हे तरी आपल्या मापात कळलं पाहिजे. कागदावर क्षेत्र लिहिलेलं असेल तर त्याचे गुंठे करा, गुंठ्यांच्या साड्या करा, आणि मग पेन हातात घ्या.

पेटीत बिघ्याचा कागद निघालेल्या तायांसाठी एक खुलासा. तो कागद जपून ठेवा, मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. जमीन कुणाकडून कुणाकडे आली, चतुःसीमा काय, शेजारी कोण, हे त्यातून कळतं. पण त्यातल्या बिघ्याला तीसनं गुणून "आमची एवढी जमीन गेली" असं भांडण उभं करू नका. तीस हा अंदाज आहे, आणि तुमच्या गावची काठी कोणती होती ते कागदात सहसा लिहिलेलं नसतं. आजचं क्षेत्र ठरतं ते मोजणीच्या नकाशावर आणि अभिलेखावर. शंका असेल तर मोजणीचा अर्ज करा.

शेवटी गटाच्या पुढच्या बैठकीसाठी काम. न ताणणारी नायलॉनची दोरी घ्या, ३३ फूट मोजून दोन्ही टोकांना पक्क्या गाठी मारा. मग दोरी दुमडून अर्धी करा, तिथं रंगीत चिंधी बांधा. पुन्हा दुमडा, पुन्हा, आणि चौथ्यांदा. सोळा आणे झाले, टेप न लावता. गाठी मारल्या तर दोरी आखडते, म्हणून मध्ये चिंध्याच बांधा. या दोरीनं शाळेचं अंगण, देवळापुढची जागा, ग्रामसंघाचा हॉल मोजा आणि गुंठे-आणे काढा. दोरी गटाच्या पेटीत ठेवा, पावतीपुस्तकाजवळ.

घरी करायला एक गणित. काटकोनी शेत, लांबी ५ साखळ्या १२ आणे, रुंदी ३ साखळ्या ८ आणे. क्षेत्र किती? रेडिओवर हे विचारलं तेव्हा उत्तर सांगितलं नव्हतं. मासिक वाचणाऱ्यांसाठी देतो: २० गुंठे २ आणे.